माझं कर्म मला द्या

छबुबाई लग्न होऊन लिंबेवाडीत आली तेव्हा तिला भाकरी धड थापता येत नव्हती, पण बेल पारखता येत होता. बाप कपिलधारच्या बाजूच्या एका खेड्यात गुरव. त्यामुळं कोणतं पान किडकं, कोणतं कवळं, सोमवारी बेल तोडत नसतात म्हणून रविवारीच तोडून ओल्या फडक्यात कसा राखायचा, हे तिला बाराखडीच्या आधी आलं होतं. सासू म्हणायची, सून आणली का बेलाचं झाड आणलं. म्हणताना हसायची मात्र.

नवरा रामहरी. पाटोद्याहून आत वळणाऱ्या रस्त्यावरच्या या गावात महादेवाची पूजा त्याच्या घराकडं कित्येक पिढ्यांची होती. माणूस शांत, पण आवाज मोठा. तो आरतीला उभा राहिला की शिवारात खुरपणाऱ्या बायांना किती वाजले ते कळायचं. छबुबाईचं काम गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेरचं. सभामंडप झाडायचा, गंध उगाळून द्यायचं, वाती वळायच्या, नैवेद्य रांधायचा. तो उंबरा तिनं सत्तावीस वर्षं ओलांडला नाही. ओलांडावा असं कधी मनातही आलं नाही, हे ती आजही कबूल करते.

मग एका थंडीत रामहरी आडावर पाणी शेंदता शेंदता कोसळला. उजवं अंग गेलं. बीडला दवाखान्यात तीन आठवडे काढून तो घरी आला तेव्हा उजवा हात खांद्याला नुसता लटकत होता आणि जीभ जड झाली होती. तेवढे दिवस शेजारच्या गावचा एक भाऊबंद येऊन पूजा करत होता, पण त्याच्याकडं त्याचं देऊळ होतं. तो तरी किती दिवस येणार? पहिल्याच सकाळी छबुबाईनं नवऱ्याला बगलेत धरून देवळात नेलं. त्यानं डाव्या हातानं तांब्या उचलला, तो सुटला, सगळं पाणी उंबऱ्यावर. रामहरी लहान लेकरासारखा रडायला लागला. छबुबाईनं तांब्या उचलला, आडावरून पुन्हा भरून आणला आणि नवऱ्याकडं न बघता आत गेली.

"तुमी तोंडानं म्हणा," ती आतून म्हणाली. "हात माझे."

सहा वर्षं हे असंच चाललं. रामहरी उंबऱ्याशी पाटावर बसून जमतील तसे मंत्र म्हणायचा. आत छबुबाई कालचा बेल काढायची, पिंडी धुवायची, पुसायची, भस्माचे तीन पट्टे ओढायची, वर टांगलेली गळती भरायची. गळती म्हणजे तांब्याचं भांडं; त्याच्या बुडाच्या भोकातून देवावर थेंब थेंब पाणी पडत राहतं. लिंबेवाडीचं पाणी जड, ते भोक क्षारानं बुजायचं. चार दिवसांनी एकदा काडी घालून ते मोकळं करावं लागतं, हे रामहरीनं तिला कधी सांगितलं नव्हतं. पहिल्या महिन्यात देव कोरडा दिसला तेव्हा तिचं तिलाच कळलं.

गावाला हे माहीत होतं का? होतंही आणि नव्हतंही. बायांना सगळं ठाऊक होतं. त्या नैवेद्याचं ताट सरळ तिच्याच हातात द्यायच्या. पुरुषांना उंबऱ्याशी बसलेला रामहरी दिसायचा, तेवढं त्यांना पुरत होतं. देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष अमरसिंह आबा. ते कधीकाळी सरपंच होते, आता तालुक्याच्या राजकारणात. प्रत्येक निवडणुकीआधी ते महादेवाला अभिषेक घालायचे. मागच्या निवडणुकीचा अभिषेक छबुबाईच्या हातचा होता. आबा त्या वेळी सभामंडपात डोळे मिटून बसले होते, आणि निवडूनही आले होते.

तीन वर्षांमागं, आषाढ लागता लागता, रामहरी गेला. पाहुणे अजून पांगले नव्हते तोच कमिटीचा निरोप आला की देवळाची चावी द्या. छबुबाईला वाटलं, सुतकापुरती मागत असतील. तिनं दिली. तेरावं झाल्यावर ती परत मागायला गेली तेव्हा आबांनी तिला ओट्यावर बसवलं, चहा दिला, आणि सांगितलं की पाटोद्याचा प्रविण नावाचा एक माणूस पूजेला ठरवला आहे. तो मोटारसायकलवर येऊन पूजा उरकून जाईल. झाडलोट मात्र वहिनींनीच करावी, शिधा पहिल्यासारखा घरपोच मिळेल. आबा खेकसले नाहीत, ओरडले नाहीत. आवाजात मायाच होती, आणि तीच छबुबाईला जास्त लागली.

"सहा वरीस मीच केलं की, आबा. आता मला आत कावून जाऊ देत न्हाई?"

"वहिनी, बाईमाणसाचं देवाजवळ चालत न्हाई. त्यात आता रामहरी बी न्हाई. जे झालं ते तुमचं प्रारब्ध. आपल्या हातात काय हाय?"

छबुबाईनं अर्धा चहा तसाच खाली ठेवला. आत जायचं नसेल तर झाडायचंही नाही, एवढं बोलून ती घरी आली. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या दिवशी देवळासमोर तिचा झाडू वाजला नाही. गाव म्हणालं, आठ दिवसांत येईल. शिधा आला तो तिनं आल्या पावली परत पाठवला आणि दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायला लागली.

खुरपताना हात चालतात आणि डोकं मोकळं असतं. ते दिवस तिला फार वाईट गेले. आबा म्हणाले ते खरं असेल का, हेच मनात घोळायचं. आपल्या कुठल्या पापानं नवऱ्याचा हात गेला, मग नवराच गेला, हे ती शोधत राहायची. लहानपणी दुधात तोंड घातलं म्हणून मांजरीला फुकणी फेकून मारली होती. सासूशी एकदा खोटं बोलली होती. एकदा उपासाच्या दिवशी भुकेनं तडफडून भाकरीचा तुकडा खाल्ला होता. एवढ्यानं माणसाचं अर्धं अंग जातं? आणि याहून मोठं काही मागच्या जन्मात केलं असेल, तर ते तिला आठवत नव्हतं, आणि ज्याला आठवत नाही त्याला शिक्षा देऊन देवाला काय मिळणार? एका दुपारी कपाशीच्या ओळीत ती तशीच उकिडवी बसून राहिली. तिच्या ध्यानात आलं की ज्या गावाला आपला मागचा जन्म एवढा स्पष्ट दिसतो, त्याच गावाला आपली मागची सहा वर्षं दिसत नाहीत. तेव्हापासून तिचं पाप शोधणं संपलं आणि राग सुरू झाला.

शेजारची साखराबाई, सत्तरीची, तिच्यावर पोटच्या लेकीसारखा जीव. तिनं एक तोड सुचवली. तुझा विटाळ तर कधीचाच गेलाय, तेवढं कमिटीला सांग, म्हणजे त्यांना नाही म्हणायला जागा राहणार नाही. छबुबाईनं मान हलवली.

"न्हाई सांगणार. आज मी तसं सांगितलं, आन उद्या माझ्या पोरीनं पूजा करायची म्हणली तर तिनं काय सांगावं?"

ती पोर, स्वप्नाली, सिरसाळ्याला दिलेली. तिचा फोन यायचा. सासरी बोलणी बसतात, आई, जरा दमानं घे, असं ती म्हणायची. छबुबाई ऐकून घ्यायची आणि जेवलीस का, एवढंच विचारायची.

इकडं देवळात काय चाललंय ते बाया येऊन सांगत होत्या. प्रविण दोन दिवस आला, तिसऱ्या दिवशी नाही. आला तरी मोटारसायकल बंद न करता तांब्याभर पाणी ओतून जायचा. गळती कोरडी पडली होती. श्रावण चालू होता.

श्रावणातल्या तिसऱ्या आठवड्यात देवळापुढं सप्ताह बसला. कीर्तनाला बीडकडचे एक महाराज आले होते. पन्नाशीचे, गळा गोड, बोलणं ओघवतं. छबुबाई रोज जाऊन बायांच्या बाजूला खांबापाशी बसायची. गाभाऱ्यात जायची बंदी होती, मांडवात नव्हती. सहाव्या दिवशी महाराजांनी कर्मावर सुंदर निरूपण केलं. माणसाचा अधिकार कर्मावर, फळावर नाही. फळाची आशा सोडून जो आपलं काम करत राहतो त्याच्या घरी देव आपण होऊन येतो. छबुबाईला ते एवढं पटलं की घरी जाताना तिनं ते मनात चारदा म्हणून बघितलं.

सातवा दिवस रविवारचा, काल्याचा. काल्याच्या कीर्तनात कृष्णाच्या खोड्या सांगतात, लोक हसतात, शेवटी दहीहंडी फुटते. पण महाराज मध्येच प्रारब्धाकडं वळले. सकाळी चहाला ते आबांच्या घरी होते, हे सगळ्यांना माहीत होतं. महाराज म्हणाले, बाईचं कपाळ मोकळं होतं ते मागच्या जन्मीच्या कर्मानं. तिनं ते निमूट भोगून फेडावं. देवाधर्मात पुढं पुढं करू नये, नाहीतर भोग वाढतो. मांडवातल्या पाच-पन्नास माना खांबाकडं वळल्या.

छबुबाई उठून उभी राहिली. कीर्तनात बाई उभी राहते ती फार तर लेकरू बाहेर न्यायला, म्हणून क्षणभर कुणाला काही वाटलं नाही. मग ती बोलली.

"महाराज, मागल्या जल्मात मी काय केलं ते तुमाला ठावं असंल, मला ठावं न्हाई. पण या जल्मात काय केलं ते या सगळ्या गावाला ठावं हाय. आबा, तुमच्या निवडणुकीचा अभिषेक कुणी केलता? आमच्या मालकाचा तर हात उचलत न्हवता."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. आबांनी महाराजांकडं बघितलं, महाराजांनी टाळकऱ्यांकडं. लगेच गजर सुरू झाला. वीस टाळ, पखवाज, पेटी, सगळ्यांचे आवाज एकदम चढले. बाईचं बोलणं बुडवायला तेवढं पुष्कळ होतं. पण छबुबाई खाली बसली नाही. खांबाला हात लावून ती तशीच उभी राहिली. गजर वाढला, लय दुप्पट झाली, टाळकऱ्यांच्या कपाळावर घाम आला, तरी ती उभीच. साखराबाईनं तिच्या लुगड्याचा काठ ओढला. तिनं तो सोडवून घेतला.

पखवाजावर हनुमान होता. गावातला सुतार, रामहरीचा लहानपणापासूनचा सोबती. बराच वेळ तो खाली मान घालून वाजवत राहिला. मग त्यानं एकदा मान वर करून छबुबाईकडं बघितलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. पखवाज थांबल्यावर टाळ सैरभैर झाले, एकेक करत बंद पडले.

"तुमीच काल म्हणलात," छबुबाई म्हणाली, आणि आता तिला आवाज चढवावा लागला नाही, "अधिकार कर्मावर, फळावर न्हाई. मी फळ मागत न्हाई. शिधा नको, मान नको, पोथीत नाव नको. माझं कर्म तेवढं मला द्या."

महाराजांनी उपरणं सारखं केलं. माणूस खोटा नव्हता, हे छबुबाई आजही म्हणते. ते म्हणाले की बाईंनी विचारलं त्याचं उत्तर मला आत्ता देता येत नाही. मग त्यांनी घाईनं काला उरकला. दही नेहमीपेक्षा आंबट होतं असं लोक पुढं बरेच दिवस सांगत होते, पण ते उगाचच.

दुपारी कमिटी बसली आणि ठरलेलं बदलणार नाही असा निरोप घेऊन एक जण आला. छबुबाई तेव्हा बेलाच्या झाडाखाली होती. दुसऱ्या दिवशी श्रावणाचा शेवटचा सोमवार, त्याचा बेल आजच तोडायला हवा होता. तिनं निरोप ऐकला, बरं म्हणाली, आणि फांदी खाली ओढली.

सोमवारी सकाळी ती कमरेवर घागर आणि हातात बेलाची टोपली घेऊन देवळापुढं आली तेव्हा तिथं आधीच बायांची रांग होती. नव्या सुना शिवामूठ वाहायला आलेल्या. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं श्रावणी सोमवारी मूठभर धान्य देवाला वाहायचं असतं. देवळाला कुलूप. प्रविणचा पत्ता नव्हता. छबुबाई घागर खाली ठेवून पायरीवर बसली. तिच्या शेजारी साखराबाई बसली. मग एकेक करत सगळ्याच. कुणी घोषणा दिल्या नाहीत, कुणी ठरवलंही नव्हतं. उपासाचा दिवस, घरी चूल पेटवायची घाई नव्हती. दोघी-तिघींचे नवरे बोलवायला आले आणि एकटेच परत गेले. कमिटीतला एक जण येऊन समजावून गेला की पोलिसांना कळवावं लागेल. साखराबाईनं त्याला सांगितलं की कळव, आणि येताना त्यांना फुलं आणायला सांग.

दहा-साडेदहाला आबांची सून आली. प्रियदर्शनी. शिकलेली, कमी बोलणारी, लग्नाला तिसरं वर्ष. तिच्या ताटात मुठीचे जव होते. तिनं कुलूप बघितलं, पायऱ्यांवर बसलेल्या बाया बघितल्या, ताट साखराबाईच्या हातात दिलं आणि परत गेली. सगळ्यांना वाटलं घाबरली. पाव तासात ती आली तेव्हा तिच्या हातात चावी होती. आबा सकाळीच पाटोद्याला गेले होते आणि चावी त्यांच्या बैठकीत खिळ्याला असायची. तिनं ती छबुबाईपुढं धरली.

"तुला बोलणी बसतील," छबुबाई म्हणाली.

"बसू द्या, काकी. मला मूठ वाहायची हाय, आन ती तुमच्याच हातनं वाहायची हाय."

आबा पुढं दोन महिने सुनेशी बोलले नाहीत. ती म्हणते, घरात त्याआधीही फार बोलायचे असं नाही.

छबुबाईनं कुलूप काढलं. आतला वास आधी आला. दूध नासून पन्हळीत साचलं होतं, बेल सडून पिंडीला चिकटला होता, मुंग्यांची रांग थेट देवाच्या माथ्यावर चढली होती. तिला रडू आलं नाही. तिनं प्रविणला एक सणसणीत शिवी दिली, देवळातच, आणि पदर खोचून कामाला लागली. सव्वा तास ती धूत होती. घागरीमागून घागर बायांनी हातोहात आत पोचवली. गळतीच्या भोकात काडी घालून तिनं ते मोकळं केलं आणि पहिला थेंब पडल्यावरच मागं वळून म्हणाली, या आता.

तिथं सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. कमिटीनं दोनदा नवं कुलूप घातलं. दोन्ही वेळा सकाळी पायऱ्यांवर बाया बसल्या आणि दोन्ही वेळा ते काढावं लागलं. मग कमिटीनं अर्ज केला, छबुबाईला नोटीस आली, बीडला तारखा सुरू झाल्या. त्या अजून चालू आहेत. तारखेच्या दिवशी छबुबाई पहाटेची पूजा आटोपून फडक्यात भाकरी बांधते आणि एसटीनं जाते. साहेबानं विचारलं, तुम्ही कोण, तर मी गुरव आहे असं सांगते. गुरवाची बायको असं सांगत नाही. भाऊबंदांनी तिला कार्याला बोलावणं बंद केलं आहे. सख्खा दीर रस्त्यात दिसला की बाजूला होतो. हे तिला लागत नाही असं नाही. पण तिनं एकदाही माघार घेतली नाही. स्वप्नाली मात्र आता दिवाळीला येते तेव्हा लेकीला घेऊन गाभाऱ्यात बसते आणि तिला आजीकडून भस्माचे पट्टे ओढायला शिकवून घेते.

परवाच्या माघात शेजारच्या वस्तीवरची वर्षाराणी देवळात आली होती. बावीस-तेवीसची असेल. तिचं पहिलं लेकरू एकोणीस दिवसांचं होऊन गेलं होतं. कुण्या जाणत्यानं तिला सांगितलं होतं की मागच्या जन्मी तू नागाची अंडी फोडलीस, त्याचा हा भोग. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून विचारत होती की कोणती पूजा केली म्हणजे ते पाप फिटेल. छबुबाई पिंडी पुसत होती. तिनं हात थांबवले.

"लेकरू आजारी पडल्यावर तू काय केलंस?"

वर्षाराणीनं सांगितलं. ताप चढला तसं रिक्षा मिळेना, म्हणून कुशीत घेऊन ती पाटोद्याच्या रस्त्यानं चालत सुटली होती. अर्ध्या वाटेत एकानं गाडीवर घेतलं. पोचली, पण उशीर झाला होता.

"चालत सुटलीस, ते तुझं कर्म," छबुबाई म्हणाली. "तेवढंच तुझं. नागाचं मला सांगू नको, आन ज्यानं सांगितलं त्याच्या दारात पुन्हा जाऊ नको. आत ये."

ती आत यायला धजेना. बाळंतपणाला महिना-दीड महिनाच झाला होता. चालतं का, असं तिनं दबकत विचारलं. छबुबाईनं तिच्या मनगटाला धरून तिला आत घेतलं आणि भरलेला तांब्या हातात दिला. वर्षाराणी पाणी घालत राहिली. तांब्या रिकामा झाला तो छबुबाईनं पुन्हा भरून दिला, मग पुन्हा. बाहेर दर्शनाला आलेले दोघे पुरुष खाकरले, घड्याळं बघायला लागले. छबुबाईनं त्यांना आतूनच सांगितलं की सावलीला बसा, वेळ लागणार हाय.